तीस अंश

एकतीस वर्षं पालिकेच्या कीटकनाशक खात्यात होतो.
शिडी खांद्यावर, टॉर्च दातांत,
गच्च्यांवरच्या टाक्यांत वाकून अळ्या शोधल्या,
लोकांच्या कुंड्या उलट्या केल्या, शिव्या खाल्ल्या.
निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं.
मला झाडाखाली झोपायचं होतं.

तयार झोळीची किंमत ऐकून
मंदाकिनी म्हणाली, एवढ्यात पलंग येईल. पायांचा.
मग आम्ही वही काढली.

नागदेवी स्ट्रीटला दोर, विणीचा, न ताणणारा.
दुकानदाराने विचारलं, बैल की होडी?
म्हटलं, मी.
त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं
आणि एक नंबर जाड दिला.

कुर्ल्याच्या भंगारातून मोडक्या टॅक्सीचे दोन सीटबेल्ट,
झाडाच्या सालीला दोर काचू नये म्हणून.
त्यांनी कुणाला वाचवलं होतं का, विचारलं नाही.
मंगळदास मार्केटात तीन मीटर नायलॉन,
ताक्यावर चहाचा डाग, म्हणून निम्म्या भावात.

जाळी मात्र मी निवडली.
चिमटीत धरून, उजेडाकडे करून, भोकं मोजत.
गल्ल्यावरचा फरहान हसायला लागला.
बाळा, म्हटलं, मी तिची सोंड काचेखाली पाहिलीय.

मंदाकिनीने मशीनवर दोन्ही टोकांना नेफा घातला.
परकर काय नि झोळी काय, म्हणाली,
नेफा तो नेफाच.

पहिली रात्र भांडुपला, आमच्याच गच्चीवर.
टाकीचा खांब ते लिफ्टच्या खोलीचा गज.
जाळी वरून सोडलेली, छत्रीसारखी.
झोप छान लागली.
सकाळी पाठीवर सतरा.
तिने बॉलपेनने एकेकाभोवती गोल काढून मोजले.
एकतीस वर्षं, म्हणाली,
आणि खालून येतील हे सुचलं नाही?

नायलॉन पातळ होतं. पाठ टेकलेली होती.
बिचाऱ्यांनी काही नियम मोडला नव्हता.

मग जाळीची बाही शिवली, झोळी अख्खी आत जाईल अशी.
चेन नातवाच्या फाटक्या दप्तराची.
दोराला कडुलिंबाच्या तेलाची चिंधी, मुंग्यांसाठी.
दुसरी चिंधी नुसती लोंबती,
दोरावरून ओघळणारं दव तिथेच ठिबकावं,
आपल्या पायांपर्यंत येऊ नये.
एकूण खर्च अकराशे चाळीस, होडीचं भाडं सोडून.

मनोरीला कॅजिटनची वाडी.
तोही आमच्याच खात्यातला, फवारणीवाला,
अजून शिंकतो तर रॉकेलचा वास येईल असं वाटतं.
त्याने सुरूची दोन झाडं दाखवली, मध्ये पाच ढांगा.

ॲनॉफेलिस पंचेचाळीस अंशांत बसते,
हे मी झोपेतही सांगेन.
झोळीचा दोर तीस अंशांत हवा.
हा पंधरा अंशांचा फरक शिकायला
साठ वर्षं लागली.

आधी तू बस, म्हटलं, वजन पेलतं का बघू.
ती बसली. मग आडवी झाली,
सरळ नाही, तिरकी, कुणी न शिकवता.
आतून चेन ओढली.

मंदा?
उत्तर नाही.
अर्ध्या तासाने पुन्हा, हळू,
मंदा, पेलतंय ना?
सुरू वाजत होता. ती मंद घोरत होती.

कॅजिटनच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो,
पाय भाजीच्या पिशव्यांत घालून.
टॉर्च बोटांनी झाकून जाळीवर पाहिलं:
नऊ जणी. बहुतेक क्युलेक्स, पाठ सपाट,
एक मात्र शेपूट वर करून, अगदी पुस्तकातल्यासारखी,
आणि तिच्या खाली, बोटभर अंतरावर,
मंदाकिनीचा दंड.

हात उचलला.
मारलं तर जाळी हलेल, जाळी हलली तर झोळी.
हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला.
त्यावर एक येऊन बसली.

सकाळी वहीत लिहिलं:
दुसरी झोळी. नायलॉन तीन मीटर, डाग चालेल.
चेनसाठी दप्तर बघणे.